साडेचार पॉइंट

कुपवाडच्या एमआयडीसीत, वजनकाट्याच्या मागं
आमचा छापखाना. मी तिथं अक्षरं मांडते,
म्हणजे संगणकावर; पण उपाध्येसाहेब अजून
'नसीम, खिळे जुळव' असंच म्हणतात.

मार्चमध्ये आलं होतं ते काम.
झोपेच्या गोळ्यांचं खोकं, चार रंग, वर सोनेरी पन्नी.
पान मोठं हवं, सात बोटांचं, दव पडल्यासारखं.
नाव मोठं हवं. 'आयुर्वेदिक' त्याहून मोठं.
आणि भांग हा शब्द नको, पार्टी फोनवर म्हणाली,
विजया लिहा. ग्रंथात तसंच आहे.

इशारा ईमेलमध्ये सगळ्यात शेवटी होता,
इंग्रजीत, चार ओळी.
मी सात पॉइंटात बसवला. पानाच्या देठाला लागत होता.
सहा. अजून लागत होता.
साडेचारला देठ मोकळा झाला.
तळाच्या घडीजवळ, बारकोडला खेटून,
सोनेरीवर पांढरा.
कामाच्या कार्डावर सही केली. तपासणी : न. मु.
वीस हजार खोकी.

जुलैत बाई आल्या.
सुशीला कोगनोळे, मार्केट यार्डात हळद निवडतात,
नखांच्या कडा पिवळ्या.
पिशवीतून चेपलेलं खोकं काढलं
आणि तळाशी छापखान्याच्या नावावर बोट ठेवलं.
ते मी सहा पॉइंटात घातलं होतं.

"आमच्या मालकांनी दोन गोळ्या घेतल्या ओ.
दोन घ्या म्हणून कुणी सांगितलं न्हाई,
एक घ्या म्हणून बी न्हाई.
थोरल्या लेकीचं नाव विजया. खोक्यावर बघून हसले,
म्हणाले, ही काय वाईट करणार."
तासभर काहीच झालं नाही.
मग तवनाप्पांनी लुना काढली, हरिपूरच्या रस्त्याला लागले,
आणि संगमावर, जिथं पायरी नव्हती,
तिथं पायरी समजून पाय टाकला.
खुबा. मिरजेला अकरा दिवस. आता वॉकर.

साहेब म्हणाले, मावशी, आम्ही फक्त छापतो.
पार्टी म्हणाली, नियमात बसतं तेवढं आहे.
नियम कुठं राहतो मला ठाऊक नाही.
दुकानदाराकडं त्या आधीच जाऊन आल्या होत्या :
तो म्हणाला, खोक्यावर लिहिलंय की.

तेव्हा मी त्यांना भिंग दिलं,
रंगावर रंग बसला का बघायचं, घडीचं.
डोळा टेकवून त्या बराच वेळ वाकून राहिल्या.
"मुंग्या हायत," म्हणाल्या. "रांगेनं."
मग, "माझं माहेर अथणीकडचं. कन्नड येतंय, मराठी थोडं.
ह्ये काय हाय?"

मी वाचून दाखवलं.
वैद्याला विचारूनच घ्यावी. अर्धीपेक्षा जास्त नको.
परिणाम उशिरा होतो. गाडी चालवू नये.
मीही पहिल्यांदाच वाचत होते.
मार्चमध्ये मी त्या ओळी फक्त बसवल्या होत्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
भिंगाची नीट घडी करून परत दिलं,
आणि विचारलं,
"मोठ्यानं लिवायला पैसं जास्त पडत्यात व्हय?"

नाही, म्हटलं. शाई जवळपास तेवढीच लागते.

दिवाळीच्या तोंडावर तेच काम पुन्हा आलं, तीस हजार.
मी पान लहान केलं. इशारा मराठीत, नऊ पॉइंट, काळा.
'विजया'च्या शेजारी 'म्हणजे भांग'.
प्रूफ गेलं. दहा मिनिटांत फोन आला.
साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, जुनी फाइल घे.

जुनी फाइल उघडी आहे.
कार्ड टेबलावर आहे. तपासणी, पुढं रिकामी चौकट,
बारा मिलिमीटर उंच. आज मोजली.
न. मु. तिच्यात ऐसपैस बसतं.
मशीनवरचा इरगोंडा दोनदा दारात डोकावून गेला,
प्लेट कधी देता म्हणून.