चावी हातात

रत्नकला आत्राम दुपारी अडीचला आली,
ओम्नी माझ्या टपरीपुढं लावली,
चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली.
गाडी चालूच.

"पाह्य मिस्त्री," म्हणे, "चावी तुमच्या हाती हाये
अन् हे काही आयकत नाही."

मार्च उतरत होता. मारेगावच्या नाक्यावर
जिनिंगला गेलेल्या कापसाचे शेवटचे पुंजके
बाभळीच्या काट्यांत अडकून,
आणि गाडीत नऊ पोट्टे, दप्तरं पायांत,
श्वास धरून बसलेले.
कशासाठी, ते मला मग कळलं.

तिनं चौथा टाकला, ब्रेकवर उभी राहिली,
क्लच सोडला एकदम.
ओम्नी शिंकली अन् मेली.
नऊ डोकी पुढं, नऊ डोकी मागं.
"बाई, आखीन एकदा!"

दिवाळीपासून हे असंच.
गावात म्हणाले लिंबू बांध.
तिनं बांधलं.
गाडी लिंबासकट चालू राहिली.

विचारलं, आल्टरनेटर कोणी बदलला?
"वणीच्या पोरानं. एक रिलेबी बसवला, फुकटात."
फुकटात म्हटलं
की मी आधी तिथंच हात घालतो.

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा असतो ना,
चावी दिली की त्याच्यातून करंट जातो
आल्टरनेटरला जागं करायला.
जावं. त्याचं कामच आहे ते.
पण चावी काढल्यावर
आल्टरनेटर फिरतच असतो आपल्या नादात,
आणि त्याच वायरनं, त्याच दिव्यातून
करंट मागं वळतो, रिलेला जाऊन धरतो.
रिले म्हणतो, चावी आहे.
इंजिन म्हणतं, मग मी आहे.
आल्टरनेटर म्हणतो, इंजिन आहे तर मी कुठं जातो.
तिघं एकमेकांच्या साक्षीवर जिवंत,
मालकाला न विचारता.
ग्रामपंचायतीतही पाहिलंय मी असं.

बामच्या डबीतून डायोड काढला.
तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, काळा,
एका टोकाला चंदेरी पट्टी.
रहेमत उस्ताद सांगायचे, जिकडं जायचं तिकडं पट्टी.
एवढंच सांगायचे. बाकीचं चुकून शिकायचं.

मी चुकलो होतो एकदा, करंजी फाट्यावर,
नवरदेवाच्या कमांडर जीपला उलटा लावला.
चार्जिंग बंद.
रात्री हेडलाइट पिवळे झाले, मग तांबूस, मग नाहीच,
आणि वरात टॉर्च घेऊन आली
नवरदेव शोधत.

म्हणून आता चष्मा लावतो, दोनदा बघतो.
वायर कापली, डाग दिला,
काळी स्लीव्ह चढवून लायटरनं आवळली.
खिडकीतून एक पोरगी बघत होती,
पौर्णिमा टेकाम, पाचवी ब.
"काका, थे काय करते?"
जाऊ देते, येऊ देत नाही.
"कोणाले?"
करंटले, म्हटलं. जरा थांबूनच म्हटलं.

चावी दिली. लाल दिवा, इंजिन, दिवा विझला.
चावी काढली.
बंद.
इतकी बंद, की समोरच्या रसवंतीचे घुंगरू
पहिल्यांदा ऐकल्यासारखे वाजले.
पोट्ट्यांची तोंडं उतरली.
"आता धक्का नाही बसन?"

साठ सांगितले, तिनं चाळीस दिले.
लिंबू सोडा आता, म्हटलं.
"राहू द्या," म्हणे, "त्याचं काय खाते."

पौर्णिमाला जाताना एक जळका डायोड दिला,
कंपासपेटीत ठेवायला.
दुसऱ्या दिवशी गाडी थांबली, गुमान, चावीनंच,
आणि ती उतरून टपरीवर आली.
हातात दोन सेल, टॉर्चचा बल्ब, वायरचे तुकडे.
"हा दोन्हीकडून पेटते, काका.
खराब हाये."

मी डबी उघडली, चांगला शोधून दिला.
पट्टी कोणीकडं लावायची,
ते सांगितलं नाही.