मोका तपासणी

अर्जदार शेतात उभा हवा.
मागे संच दिसला पाहिजे, फिल्टर, मुख्य नळी,
एकरभर अंजीर,
आणि खाली कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ.
एवढ्यासाठी मी दिवे घाट चढून आले होते,
टेप आणि बिस्किटाचा पुडा डिकीत टाकून.

अर्जदार अजून मांजरीतच होता.
"फाटक लागलंय मॅडम, दहा मिनिटं."
ही दहा मिनिटं मी ओळखते.
माझ्याकडे नऊ गावं आहेत.

बांधावर कौसाबाई होती, अर्जदाराची थोरली बहीण.
हक्कसोडपत्रावर तिची सही आहे,
म्हणून सातबाऱ्यावर ती नाही.
कब्जेदारात नाही, इतर हक्कात नाही.
पिकाच्या रकान्यात अंजीर लिहिलंय,
तिथे असली तर असेल.

बारा वर्षं झाली तिला माहेरी येऊन.
का आली, ते मी विचारलं नाही,
अर्जात तसा रकाना नाही.

ती पुढे, मी टेप घेऊन मागे.
"ही रांग खारं पाणी धरते," म्हणाली,
आणि पदरातून बाभळीचा काटा काढून
ड्रिपरचं तोंड मोकळं केलं,
लेकराच्या कानातला मळ काढावा तसं.
फिल्टरची जाळी जुन्या टूथब्रशनं घासते, दर सोमवारी.
"नळी किती भरेल?"
"आठशे नव्वद. अंथरताना टोकाला मीच उभी होते."
मी मोजली. आठशे नव्वद.

तो आला साडेपाचला.
गळ्यात कंपनीची पट्टी, बूट नुकतेच पुसलेले.
ढेकळांत कुठे उभं राहावं ते त्याला कळेना.
"व्हॉल्व्ह कुठंय गं अक्का?"
"तुझ्या पायाशी."
तो हसला. वाईट माणूस नाही तो.
येताना तिच्यासाठी गुडघ्याचं मलम घेऊन आला होता.

मी मोबाईल धरला.
ऊन तिच्या पाठीमागून येत होतं,
तिची सावली लांब होऊन
त्याच्या बुटांवर, मग गुडघ्यांपर्यंत चढलेली.
"कौसाबाई, जरा मागं."
ती सरली. सावलीही सरली,
पण डोक्याचा भाग फिल्टरवर राहिलाच.
अजून एकदा "मागं" म्हणणं माझ्याच्यानं होईना.

पंचावन्न टक्के, वर पूरक पंचवीस.
फोटो अपलोड झाला, हिरवी खूण आली.
सासवडच्या टेबलावर कुणी विचारलं नाही
ही सावली कुणाची.

शेऱ्यासाठी अडीचशे अक्षरं मिळतात.
मी तिचं नाव टाईप केलं. "प्रत्यक्ष कसणार"
इथपर्यंत आले आणि थांबले,
कारण अर्ज परत गेला असता तर
काटा घेऊन तीच फिरली असती रांगेरांगेनं
पुढच्या वर्षीही.
मग तीन शब्द लिहिले:
संच चालू स्थितीत.

महिन्यानं तिचा फोन आला, शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून.
"त्याला मेसेज आला म्हणे पैशाचा."
"आला ना, चांगलं झालं."
"एक विचारायचं होतं. फिल्टरची रबराची रिंग गेली.
ती बसते का अनुदानात?"
"नाही हो. ती आपली आपण."
"केवढ्याला?"
"चाळीस असेल."
"मग मीच आणते," म्हणाली,
आणि फोन ठेवायचा कसा हे माहीत नसल्यानं
बराच वेळ मला
ठिबक ऐकू येत राहिलं.