डाव्या पायाचं माप

एर्मोखेनेस तिकोना पहिल्यांदा दुकानात आला
तेव्हा कॅडेट होता. कथिलाच्या खाणीतली धूळ अजून नखांत.
बूट उधारीवर नेले. सतरा पेसो.
वहीत अजून येणे आहेत.

पुन्हा आला तो खिंडीतल्या लढाईनंतर.
डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं नेलेली.
मी मोजपट्टी लावली, तो खिडकीबाहेर बघत राहिला.
"पुढं थोडी लोकर भर," म्हणाला,
"आणि कुणाला सांगू नकोस."
नाही सांगितलं.

मग एकदा रेडिओवर दिवसभर नुसता बँड वाजला
आणि दिवेलागणीला जनरल तिकोना राष्ट्राध्यक्ष झाले.
आता बूट न्यायला शिपाई यायचा.
लोकर मी न सांगता भरायचो.

त्या बुटांनी खाणीच्या फाटकापाशी काय केलं
ते माझ्या मेहुणीला विचारा.
तिचा रोखेलियो सकाळी डबा घेऊन गेला होता.
डबा तेवढा परत आला.
पुढच्या जोडीतही
मी लोकर भरली.

चौकात आता पुतळा आहे.
गरिबाचा पोर म्हणून अनवाणी घडवलाय,
दोन्ही पायांना पाच-पाच बोटं.
मी रोज तिथून जातो.
मोजतो.