तिसरा वेढा

मामा वर. मी खाली.
मधे पन्नास हात दोर, नवा, केशरी, ठेकेदाराचा.
गाठी तेवढ्या दिवाळे कोळीवाड्याच्या.

नेरूळ, सेक्टर सोळा. सिडकोच्या बैठ्या घरांमागे
पांढऱ्या किडीनं वाळलेला रेन ट्री,
आणि त्याची म्हशीच्या पोटाएवढी एक फांदी
बरोबर बुद्धिरामच्या ताडपत्रीवर.
बाहेर ये म्हटलं, तर म्हणाला, दहा शर्ट उरलेत.

मामा फांदीला आधी थोपटतो.
मग दोराचं शेपूट मागून पुढं, स्वतःच्याच अंगाखालून,
परत आत. अंगठ्यानं दाबतो.
खाडीत डोलीचे खुंट बांधायचा तेव्हाची हीच गाठ,
पाण्याखाली, भरती चढत असताना.
"जय दिसं नाय, तय हातान बगाचा."
आता होडी उपडी पडलीय जेट्टीवर
आणि मामाच्या डोक्यावर हेल्मेट,
त्यावर पेननं लिहिलेलं दुसऱ्याच कुणाचं नाव.

"तीन वेढं घे," वरून आवाज आला.
मी दोन घेतले.
खोड खरखरीत होतं, दोर घट्ट वाटला,
आणि पॉलिटेक्निकला घर्षणाच्या पेपरात
मला पंचाहत्तर मार्क होते.

करवत थांबली.
फांदीनं जरा विचार केला.
मग आली.

दोर हातात नव्हताच, हातांतून होता.
हातमोजे टेम्पोत.
तळव्यांना आधी गार लागलं, भाजलं नंतर.
सोडला नाही, यात बहादुरी नव्हती,
बोटं उघडतात कशी तेच आठवेना.
दोर मला खोडाकडे खेचत होता
आणि मी त्याच्याच ओढीनं वळले,
खोडाला वळसा घालून धावले.
वटपौर्णिमेला आई सूत गुंडाळत फिरते
तशी, पण पळत, पण शिव्या देत,
सातातला एकही जन्म न मागता.

असा बसला तिसरा वेढा.
दोर गप्प झाला.

ताडपत्रीच्या वीतभर वर
फांदी लोंबत होती, स्वतःभोवती हळूहळू फिरत.
वाळक्या शेंगा टपटपल्या.
आत बुद्धिराम कॉलर दाबत होता.
इस्त्रीत कोळसा सरकवून झाल्यावर
त्यानं वर पाहिलं.

मग वीत वीत सोडत फांदी जमिनीला टेकवली.
मामा उतरला. माझे तळवे पाहिले. खोडाशी वाकला.
दोन वेढ्यांखाली साल जळून काळी,
तिसऱ्याखाली नुसती घासलेली.
"तीन हान," एवढंच म्हणाला
आणि फांदीकडे गेला.

एवढं ओझं झेललेली गाठ.
मला वाटलं, आता कापावीच लागणार.
मामानं तिची मान अंगठ्यानं मागं मोडली,
कोलंबी सोलावी तशी,
आणि दोर मोकळा, सरळ,
अंगावर एक वळ नाही.
वळ सगळे माझ्याकडे.

बुद्धिरामनं कपड्यांवर शिंपडायचं पाणी
माझ्या हातांवर ओतलं, तांब्या रिकामा होईपर्यंत.
मग ताडपत्रीचा कोपरा दाखवला:
विजेच्या वायरीनं बांधलेला, तोही अर्धा सुटलेला.
"हा रोज उडतो, मॅडम."

माझी बोटं मिटत नव्हती.
म्हणून तोंडानं सांगितलं.
मागून आण. आता खालून.
अरे, तुझ्याकडून नाही, झाडाकडून.
दोनदा चुकला. दोनदा मीही चुकीचं सांगितलं,
कारण हातांना येत होतं ते
तोंडाला कधी सांगावं लागलं नव्हतं.
मामा टेम्पोच्या फाळक्यावर बसून
दोराची वेटोळी करत होता, मान खाली.
मधेच हात थांबायचे त्याचे.

तिसऱ्यांदा जमली.
खाडीकडून वारा आला, ताडपत्री फुगली, कोपरा हलला नाही.
बुद्धिराम हसला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली,
निघाला आत, उरलेल्या चार शर्टांकडे.

थांब, म्हटलं.
आता सोडून दाखव.