बिडाची पट्टी

सावरकरनगरात, तळमजल्याच्या मागच्या खोलीत
जिथे पाण्याचं पिंप आणि आईचं शिलाई मशीन होतं
तिथे आता दोन रूळ, एक आडवा पूल,
आणि माझ्या सलवारीवर ग्रीसचा डाग,
दोन धुण्यांनंतरही तसाच.

अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन रबाळ्याच्या भंगारातून, किलोच्या भावाने.
मोटारी कुरियरने आल्या, त्यातली एक उलट्या डोक्याची:
उजवीकडे म्हटलं की डावीकडे पळायची.
वायरींची एक जोडी फिरवली, सुधारली.
मेश्राम वहिनी विरजण मागायला आल्या, दारातच थांबल्या.
"याच्यावर पोळपाट होतो का?"
होतो, म्हटलं.
"मग बाजारातला काय वाईट आहे?"

चौकट काटकोनात आहे का बघायला कर्ण मोजले.
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सुतळी, मग दुसरी.
दोन मिलिमीटरचा फरक.
बोल्ट ढिले, रबरी हातोडीचा एक ठोका, पुन्हा सुतळी.
रात्री साडेअकराला फरक गेला
आणि मला भूक लागलीये हे कळलं.

सुरू केलं की यंत्र आधी आपलं घर शोधतं.
हळूहळू मागे सरकत कोपऱ्यातल्या स्विचला टेकतं,
टक्.
ते त्याचं शून्य. पुढचं सगळं तिथून.

पण शंभर सांगितले तर नव्व्याण्णव कापायचं,
तीनशे सांगितले तर दोनशे सत्त्याण्णव.
चोर, पण हिशेबी चोर.
बेल्ट ताणले, कपलिंगचे स्क्रू आवळले,
मिलिमीटरमागे पावलं किती, तो आकडाच वाढवला.
पट्टीवर शंभर भरले. आनंद.
मग बेरिंगसाठी बावीसचं भोक पाडलं,
बेरिंग त्यात खुळखुळलं.
तीन संध्याकाळी हेच, आणि आठ वाजले की
सोसायटीचे कोचरेकर खिडकीवर टकटक करणार.

भाऊ, म्हणजे माझे वडील, इतके दिवस या खोलीत आलेच नव्हते.
वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं पॅटर्नमेकर.
पंप, व्हॉल्व्ह, पुली, सगळं आधी सागवानात, त्यांच्या हातून.
मग कंपनीने असंच एक यंत्र आणलं, याच्या दहापट,
त्याला एसी खोली दिली
आणि भाऊंना पेढ्यांचा बॉक्स.
फाउंड्रीच्या जागी आता काचेची इमारत आहे.
भाऊ त्या रस्त्याने जात नाहीत, रिक्षालाही वळसा घालायला लावतात.

त्या संध्याकाळी उंबऱ्यावर उभे राहिले, अनवाणी.
"मोजतेस कशाने?"
मी पट्टी दाखवली. त्यांच्याच पेटीतली, पोलादी,
एका कडेला अंगठ्याने गुळगुळीत झालेली.

भाऊ हसले. शेवटचे कधी हसले होते आठवत नाही;
खोटं कशाला, आठवतं, कोचरेकर गटारात पाय घालून पडले तेव्हा.
"अगं, ही बिडाची पट्टी!"

बीड ओतलं की गार होताना आटतं, शेकडा एक.
म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचे शंभर
असतात एकशे एक.
"खोटी नाही ती," पट्टी माझ्या हातातून घेत म्हणाले,
"आटणार तेवढं आधीच धरून चालते."

मी यंत्राकडे बघितलं नाही.
आकडा मूळचा केला. भाऊंनी स्टूल ओढलं.
"याला सांगता येतं का, बिडाच्या मापाने काप म्हणून?"
येतं. एका चौकोनात लिहायचं, एक पूर्णांक शून्य एक.
"एवढंच?"
एवढंच.
बराच वेळ नुसता व्हॅक्यूमचा आवाज,
रंगाच्या रिकाम्या डब्यात भुसा गरगरत होता.

पुली कापली, तळव्याएवढी, जुन्या दाराच्या फळीतून.
भाऊंनी उचलली, चष्मा कपाळावर ढकलला,
डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला.
एका जागी तो थांबला. परत मागे आला.

"माप बरोबर आहे.
इथे मात्र कोपऱ्याला गोलाई दे.
वाळूला टोकदार कोपरा चालत नाही,
ढासळते."