उलटा हात

श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, खाली पुश बटण,
बटणातून थेट पंख्याला वायर.
रविवारी, कन्नमवार नगरात, मी एवढंच केलं
आणि निशूने आपल्या हाताने पंखा लावला.
चौतिसाव्या वर्षी.
मग बंद केला. मग लावला.
आई पोळ्या टाकायची थांबली.

त्याच्या हनुवटीवरून लाळेचा थेंब
झाकणाच्या कडेने आत गेला.
मी टेस्टर टेकवला.
टेस्टर पेटला.

लोहार चाळीत सतरा वर्षं वायर मोजून देते मी,
गिऱ्हाइकाला बजावते, दादा, अर्थिंगला कंजुषी नको.
आणि घरी हे.

करंट फेकून देतो म्हणतात.
दर वेळी नाही. कधी धरून ठेवतो.
निशूची मूठ तर आधीच मिटलेली,
नखं कापायला एकेक बोट उकलावं लागतं.

सोमवारी रिले आणला, चार सेल, ईएलसीबी.
आता त्याच्या बाजूला फक्त सेल.
दोनशे तीस व्होल्ट उंच भिंतीवर, डब्यात.
दोघांमध्ये एकही तार नाही,
एक पत्री जीभ तेवढी हलते. टक्क.

आधी मी हात लावला, उलटा,
वायरमन लावतात तसा,
म्हणजे झटका बसलाच तर हात आखडून मागे येतो.
मग त्याने.
मनगट वळलेलं, तळवा कधी टेकतच नाही;
जन्मापासून तो सगळ्याला
उलट्या हातानेच शिवत आलाय.

टक्क.
आई म्हणते, गॅस विझतोय, बंद कर रे.
तो ऐकत नाही.