चार गाड्यांची सरासरी

सोहार बंदराच्या मागल्या फाटकाला
एकोणीस वर्षं मी वजनकाट्यावर आहे.
डोंगरातून खडी येते, गाडी काट्यावर चढते,
भरलेली लिहितो, रिकामी वजा करतो,
उरेल ते मालकाचं.
हिशोब मला कुणी शिकवू नये,
असा माझा समज होता.

काल रात्री जुवेरियाने निकाल पुढे ठेवला,
कॉलेजच्या पहिल्या सत्राचा,
बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला सारून.
कॅल्क्युलसला सी. फिजिक्सला बी.
इंग्रजीला बी. वर्कशॉपला ए.
सी म्हणजे दोन, बी म्हणजे तीन, ए म्हणजे चार,
एवढं तिने सांगितलं, पुढचं मीच केलं:
दोन, तीन, तीन, चार. बारा झाले.
भागिले चार. आले तीन.
फीमाफीला तीनच तर लागतात.
"मग तोंड पाडून का बसलीस?" म्हटलं,
आणि भाकरीचा तुकडा मोडला.

"अब्बा, वजन धरलंच नाही तुम्ही."

मी. वजन धरलं नाही.
आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

माझ्याच खिशातली एक पावती ओढून
पाठकोऱ्या बाजूला तिने मांडलं:
कॅल्क्युलस चार क्रेडिटचं, फिजिक्सही चारचं,
इंग्रजी तीनचं, वर्कशॉप बिचारं एकाचं.
ज्याचे त्याचे गुण ज्याच्या त्याच्या क्रेडिटने गुणायचे.
मी मोठ्याने म्हणत गेलो, शाळेतल्यासारखा:
चार दुणे आठ, चार त्रिक बारा,
तीन त्रिक नऊ, एक चोक चार.
बेरीज तेहतीस. क्रेडिट बारा.
"टू पॉइंट सेव्हन फाइव्ह," ती म्हणाली.
पावणेतीन, मी म्हटलं.

म्हणजे तो ए, ज्याचा फोटो तिने मामाला पाठवला होता,
पिकअपमधून आलेली वाळूची चार घमेली,
आणि तो सी म्हणजे दहा चाकांचा ट्रेलर.
दोघांना एकेक गाडी मोजणारा मी.
असा कारकून माझ्या हाताखाली असता
तर त्याला दुपारच्या आत घरी पाठवला असता.

"पुढच्या सत्राला किती हवेत?"
"क्रेडिट तेवढेच, बारा. मग सव्वातीन."
पावणेतीन आणि सव्वातीन, सहा. निम्मे तीन.
पाव इकडे कमी, पाव तिकडे जास्त,
बाजारात चिंबोऱ्या घेताना करतो तसं.
ती हसली. थोडंच.

मग का कोण जाणे, मी माझं सांगितलं.
एवढ्या वर्षांत घरात कधी न काढलेलं.
बारावी. मराठीत एक्क्याऐंशी,
भूगोलात अडुसष्ट, बाकीचं बरं,
गणितात सत्तावीस.
आमच्या कागदावर सरासरी नव्हतीच.
एक गेला की सगळे गेले.
हर्णैला होडी उलटली
की पकडलेली मासळीसुद्धा परत पाण्यात जाते,
तसे ते एक्क्याऐंशी गेले.
ऑक्टोबरचा फॉर्म आणला होता, भरला नाही,
तोवर मस्कतचा व्हिसा आला होता.

जुवेरियाने लगेच पेन उचललं.
"गणिताला क्रेडिट किती होते तुमच्या?"
म्हटलं, ते कुणी सांगितलं नव्हतं.
पेन थोडा वेळ तसंच हातात राहिलं.

आज पहाटे फोरमनला सांगून
शुक्रवारची पाळी मागून घेतली.
पूर्ण फी भरायची आहे, निदान एक सत्र.
आठ वाजता शाहदाद केबिनच्या खिडकीशी आला,
बलुची, डोक्यावर धुळीने पांढरी झालेली कुमा.
त्याच्या कालच्या एका फेरीची पावती सापडत नाही,
एक्केचाळीस टन, पैसे अडतील.
ती माझ्या पाकिटात होती,
मागे तेहतीस भागिले बारा.
म्हटलं, थांब, तुला दुसरी काढून देतो.